छातीवरचं बोट

मूगवड्या अर्ध्याच घालून झाल्या होत्या. गच्चीवर जुनं धोतर अंथरून मी वाटलेल्या डाळीच्या वड्या तोडत होते. चार ओळी झाल्या, पातेलं अजून निम्मं भरलेलं, आणि खालून आकांक्षा ओरडली.

"आई, लवकर या! ही तोंडच उघडून नाई राहिली!"

आकांक्षा माझी सून. तिची मुलगी त्या दिवशी आठ दिवसांची होती, आमच्या गजेंद्रचं पहिलं लेकरू. आकांक्षाला माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडे अकोल्यातच झालं. डाळीचे हात तसेच घेऊन मी जिना उतरले, तर माझ्याआधी ज्योत्स्ना तिथं पोचलेली.

ज्योत्स्ना आमची भाडेकरू, वरच्या दोन खोल्यांत राहते. दवाखान्यात नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. ड्युटीवरून नुकतीच आली होती, पायांत चपला तशाच. एरवी मी चपलांवरून बोलले असते. तिनं बाळाचं दुपटं सोडलं, झबलं वर केलं आणि बाळाच्या छातीच्या मधल्या हाडावर बोटाचं पेर दाबून धरलं. मनातल्या मनात पाच मोजले आणि बोट उचललं. बोटाखालची जागा पांढरीफट पडली होती. आता ती तोंडानं मोजू लागली.

"एक, दोन, तीन, चार, पाच..."

पाचला कुठं त्या जागी रंग यायला लागला.

"आकांक्षा, हिचे पाय कवापासून असे थंडे आहेत?"

"सकाळपासून. मले वाटलं, थंडीच पडली आहे एवढी."

ज्योत्स्नानं कापूस ओला करून बाळाची बेंबी पुसली. कापसावर पिवळी हळद आली. पुन्हा पुसली. हळद निघत गेली तशी खालची कातडी दिसली. बेंबीभोवती लालभडक सुजलेलं कडं, आणि त्यातून लाल रेघा पोटावर चढलेल्या. कापूस लागला की बाळ तोंड वेडंवाकडं करायचं, पण रडण्याचा आवाज फुटत नव्हता.

"काकू, बेंबीले काय लावलं?"

"काही नाही वं. पाचवीच्या पूजेतली हळद सांडली असन."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग बाळाला उघडंच उचललं, आपल्या अंगाशी धरलं, वरून स्वेटर ओढला आणि अनवाणीच रस्त्यावर पळाली. पायांतून निसटलेल्या चपला आमच्या उंबऱ्यात पडून राहिल्या. पहिला जो ऑटो दिसला त्याच्या समोर ती उभी राहिली. ऑटोवाला शिव्या देत थांबला, आतलं लेकरू पाहिल्यावर गप्प झाला.

मी जे सांगितलं ते खोटं होतं. पाचव्या दिवशी आमच्यात पाट मांडून सटवाईची पूजा करतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, ती येऊन लेकराचं नशीब लिहून जाते म्हणून. ती पूजा मी केली. पण त्याशिवाय देवघरातल्या धुपाची राख एरंडेलात कालवून, त्यात हळद घालून, बाळाच्या बेंबीला लावली. एकदा नाही, चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, देवाचं नाव घेत घेत. माझ्या सासूनं गजेंद्रला असंच लावलं होतं. दवाखान्यातून घरी आणताना ज्योत्स्ना तीनदा म्हणाली होती, "काकू, नाळेले काहीच लावायचं नाई. कोरडी ठेवायची. आपोआप गळते." मी तीनदा हो म्हटलं होतं.

पाचवीला मी तिला बोलावलं नाही. ती बुद्धाला मानणारी, आपल्या पूजेत कशाला, असं मी आमच्या ह्यांना म्हणाले. ती आली असती तर तिनं माझा हात धरला असता, हेही होतं. दोन्ही कारणं खरी आहेत. लेप इतका जाड होता की खालची लाली कोणालाच दिसली नाही.

ज्योत्स्नाच्याच दवाखान्यात डॉक्टरांनी गजेंद्रसमोर विचारलं, "नाळेला घरी काही लावलं का? राख, तेल, शेण, काहीही?"

गजेंद्र माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "नाही."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

मग त्या एवढ्याशा अंगावर सुया सुरू झाल्या. हातावर शीर मिळेना, म्हणून पायावर, पायावर मिळेना, म्हणून डोक्यावर. वस्तऱ्यानं जावळ काढलं. जावळ काढायचा मुहूर्त मी पुढच्या वर्षीचा मनात धरला होता. काचेतून मला दिसत होतं, दोघीजणी तिचे पाय धरून आहेत आणि ज्योत्स्ना टाचेतून रक्त पिळून घेते आहे. खाटकाच्या दुकानावरून जाताना मी पदर तोंडाला लावून मान वळवते. इथं मान वळवता येईना. सुई शिरली की बाळाचं तोंड उघडायचं, पण आवाज नाही. संध्याकाळपर्यंत तिच्या अंगावर काळ्यानिळ्या ठिपक्यांशिवाय जागा राहिली नाही. मग नाकातोंडात नळी घातली आणि मशीनचा श्वास सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी गजेंद्रनं ज्योत्स्नाला दारात गाठलं.

"सिस्टर, ते मशीन सत्त्याण्णव दाखवून राहिलं. मी दोन घंट्यापासून पाहून राहिलो. ऑक्सिजन सत्त्याण्णव टक्के आहे, तर तुमी लेकरू गंभीर आहे, गंभीर आहे, काहून लावलं?"

गजेंद्रचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. संत्र्याच्या बागांना नळ्या पुरवतो. ज्योत्स्नाला ते माहीत होतं.

"दादा, तुमी टाकीत खत मिसळता न? पाण्यात खत बरोबर मिसळलं, हे पाहता. ते सत्त्याण्णव म्हणजे तेवढंच. रक्तात ऑक्सिजन बरोबर मिसळलेला आहे. पण शेवटच्या नळीतून झाडापर्यंत पाणी पोचलं का, ते टाकी पाहून समजते काय?"

"नाई. बागेत जाऊन पाहा लागते."

"मंग? हिच्या अंगात जंतू शिरले. त्यांच्याशी लढाले अंग सुजते. मोठ्या माणसाले गळू होते, एका जागी सुजते, फुटते, मोकळा होते. हिचं सगळं अंगच आतून सुजलं. बारक्या नळ्या फुगल्या. काही गाळानं बुजल्या, काही गळून राहिल्या, पाणी बाजूले झिरपून राहिलं. जे थोडंफार मुळापाशी जाते, तेबी मुळं ओढून नाई राहिले. जंतूच्या विषानं मुळंच बधिर झाली. रक्तात ऑक्सिजन आहे अन् अंग उपाशी मरून राहिलं."

"मंग गाळ काढाले नळ्यांत ॲसिड सोडा न! आमी सोडतो."

"सोडलं आहे. अँटिबायोटिक म्हणजे तेच. पण जोवर ते काम करत नाई, तोवर रक्ताचा जोर टिकवाले हे औषध थेंब थेंब चालू आहे. हा पंप. हा बंद पडला तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. "याले कोणी हात लावायचा नाई."

"अन् नळीच्या शेवटी पोचलं की नाई, हे कसं पाहता?"

तिनं आपलं बोट वर केलं. "ते दाखवणारं मशीन असते मोठ्या ठिकाणी. आमच्याकडं हे आहे."

दर घंट्याला ती बाळाच्या छातीवर बोट दाबायची आणि मोजायची. मी काचेबाहेर बसून तिचे ओठ वाचायचे. तीनच्या आत रंग आला तर बरं. तिचे ओठ पाचवर जायचे, सहावर जायचे. मी इकडे जपमाळ धरून बसलेली, आणि माझे मणी तिच्या आकड्यांबरोबर सरकायचे. देवाचं नाव घेता घेता मी आकडेच मोजायला लागले.

तिची हकीकत मला तुकड्यातुकड्यानं ठाऊक आहे, गच्चीवर कपडे वाळत घालताना ऐकलेली. भातकुली तालुक्यातली. वडील मोतीराम दुसऱ्याच्या शेतावर सालदार होते, वर्षभराच्या कराराचा गडी. आई ललिता कापूस वेचायला जायची. ज्योत्स्ना अमरावतीला नर्सिंग शिकली. नवरा संघपाल तेल्हारा तालुक्यात हिवरखेडला शिक्षक आहे, शनिवारी येतो. तिच्या डाव्या भुवईत एक आडवी खूण आहे, तिथं केस उगवत नाहीत. भाड्यानं खोली पाहायला आली तेव्हा मी विचारलं होतं, पडली होती का? हसून म्हणाली, "नाई काकू, पाडली होती."

अमरावतीला एका खाजगी दवाखान्यात ती पहिल्यांदा लागली, तेव्हा वय बावीस. पोट फुगलं म्हणून पोटावर तापल्या सळईचे डाग दिलेलं एक बाळ आलं. तिनं डाग मोजले, एकवीस होते. बाळ तीन तासांत गेलं. बाळाच्या काकानं टेबलावरचा स्टीलचा ट्रे उचलून तिच्या तोंडावर मारला. भुवई फुटली, एक दात पडला. दामिनी सिस्टर म्हणून मोठ्या नर्स होत्या, त्यांनी तिला बाथरूममध्ये नेऊन तोंड धुतलं आणि त्याच पावली परत वॉर्डात आणून उभं केलं. आत अजून पाच बाळं होती. रक्त गळत असताना दामिनी सिस्टरनं तिचं बोट धरून एकेका बाळाच्या छातीवर ठेवलं आणि मोजायला शिकवलं. "त्या दिवशी मले डोळ्यानं काही दिसतच नव्हतं काकू, एक डोळा सुजून बंद. बोटानंच शिकली."

मी म्हटलं होतं, "मंग सोडली काहून नाई नोकरी?"

"सोडून काय करू? घरी बसून तुमच्या वड्या घालू?"

तिसऱ्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराला डॉक्टर बाहेर आले. बाळाच्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली आहेत, म्हणाले. तिथं रक्त पोचतच नाही. औषधाचा जोर आणखी वाढवला आहे. पुढचे काही तास कठीण आहेत.

त्याच वेळी विपुल आला. विपुल आकांक्षाचा भाऊ, चांदूर रेल्वेचा. सोबत तिघं होते, दोन गाड्यांवर आलेले. बहीण बाकावर बसून रडत होती, तिच्याजवळ तो थांबलाच नाही. सरळ गजेंद्रपुढं गेला.

"भाऊजी, मले एक सांगा. लेकरू याच दवाखान्यात झालं न?"

"हो."

"नाळ कोणं कापली?"

"ज्योत्स्ना सिस्टर होत्या तवा."

"घरी काई लावलं?"

"काहीच नाई. आई तर सोवळ्यातली. डॉक्टरनं लिहूनबी घेतलं."

"मंग जंतू काय आभायातून पडला? यांच्याच कैचीतून आला. अन् आता सांगून राहिले, बोटं काळी पडली! उचला लेकरू. नागपूरले नेऊ."

ज्योत्स्ना दार उघडून बाहेर आली. "दादा, हळू बोला, आत आठ लेकरं आहेत. तिले हलवू नका. रस्त्यात..."

"तू चूप! तूच मारलं तिले."

"मी तिच्या बेंबीवरची हळद पुसली आहे," ज्योत्स्ना म्हणाली. हे म्हणताना ती माझ्याकडे बघत होती. "घट्ट बसलेली होती, सांडलेली नव्हती."

गजेंद्रनं तिला बोलू दिलं नाही. "माही आई खोटं बोलते काय? दोन घंटे देवापुढं बसते रोज. तिच्या तोंडातून खोटं निघत नाई!"

मी तिथंच होते. पाच पावलांवर.

विपुलनं तिच्या कानाखाली मारली. आवाज असा झाला की आकांक्षाचं रडणं बंद झालं. ज्योत्स्ना दारावर आपटली, सावरली, आणि आत शिरून दार लावू लागली. विपुलनं दारात पाय घातला. दारावरचे रखवालदार नत्थुजी म्हातारे आहेत. ते मधे आले तर विपुलच्या सोबत्यानं त्यांना धरून भिंतीवर फेकलं. त्यांची टोपी पडली, मग ते पडले. दाराची काच लाथेनं फुटली. तिच्या जातीवरून जे बोलले ते मी इथं लिहिणार नाही. गजेंद्रही बोलला. मी त्याला नऊ महिने पोटात वागवलं आहे आणि ते शब्द त्याला कुठं सापडले, हे मला सांगता येत नाही. आमच्याच घरात सापडले असतील.

आत एकच गोंधळ. दुसरी नर्स एका बाळाला छातीशी धरून कोपऱ्यात बसली. डॉक्टर फोनवर ओरडत होते, त्यांच्या हातातला फोन कोणी हिसकून फरशीवर आपटला. आमच्या बाळाच्या उघड्या पलंगावर काचा उडतील म्हणून ज्योत्स्ना ओणवी झाली, पाठीची ढाल केली. ओढाताणीत श्वासाचं मशीन बंद पडलं होतं. तिनं त्याची नळी काढून हातानं दाबायचा फुगा जोडला आणि एका हातानं दाबत राहिली. फुस, फुस, फुस. पाठीवर बुक्के पडत होते. तिच्या तोंडून बुक्क्याबरोबर हवा निघायची, पण फुगा दाबायची लय मोडत नव्हती.

"हट तथून!"

"नाई हटत."

विपुलनं सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला. तिनं उजवा हात वर केला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला दारातून ऐकू आला, ओली फांदी मोडते तसा. हात मनगटापासून खाली लोंबकळला. ती किंचाळली आणि लगेच डाव्या हातानं फुगा दाबायला लागली.

आणि माझ्या गजेंद्रनं बाळाच्या अंगावरच्या वायरी गोळा करायला सुरुवात केली. शेतातल्या नळ्या गोळा करतात तशा, मुठीत धरून, खेचत. छातीवरच्या चिकटपट्ट्या निघाल्या, त्यांच्यासोबत कातडी निघाली. पंप टूं टूं ओरडू लागला आणि थांबला. थेंब थांबला.

तेव्हा मी धावले. काच पायात शिरली, ते मला नंतर कळलं. मी गजेंद्रचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. त्यानं मला झटकलं, ती मी आहे हेही त्यानं पाहिलं नाही. माझं डोकं हात धुवायच्या बेसिनवर आपटलं. ओठ फाटला. तोंडात रक्त भरलं, आणि त्या रक्तासकट मी बोलले.

"मी लावलं! राख लावली! धुपाची राख अन् एरंडेल, चार दिवस लावलं! तिनं नाई, मी!"

कोणालाच ऐकू गेलं नाही. मी गजेंद्रच्या पाठीवर दोन्ही मुठी मारत सुटले. "अरे ऐक न बे! तुह्या पोरीले मी मारलं! मी डॉक्टरले खोटं सांगतलं!"

तो वळला. "काय म्हणून राहिली तू?"

"म्हातारीले भ्रम झाला," विपुल म्हणाला. "भाऊजी, उचला तुमी."

"भ्रम नाई. देवघरात वाटी आहे. फडताळात, खालच्या फळीवर. अर्धी भरलेली आहे. जाऊन पाहा. ज्योत्स्नानं मले तीनदा सांगतलं होतं, लावू नका म्हणून. तिनं काहीच केलं नाई."

गजेंद्रनं मला मारलं. उघड्या हातानं, तोंडावर, फाटल्या ओठावर. जन्मात पहिल्यांदा. मी पडले नाही. त्यानं पुन्हा हात उचलला, आणि तो हात वरच राहिला. मुठीतल्या वायरी सुटून खाली पडल्या. मग तो फरशीवर काचांतच बसला.

"काकू," ज्योत्स्ना म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, घाम टपटप गळत होता. "काकू, तो पंप. वायर भिंतीत घाला. आता हिरवं बटण. दाबून धरा. सोडू नका."

माझी बोटं रक्तानं निसरडी झाली होती. मी दाबलं. दिवा लागला. थेंब पडायला लागला.

तिच्याजवळ एकच हात होता आणि तो फुग्यावर होता. तिनं डॉक्टरांना हाक मारून फुगा त्यांच्या हाती दिला, आणि मोकळ्या झालेल्या हाताचं बोट बाळाच्या छातीवर ठेवलं. त्या सोललेल्या कातडीवर. उचललं. आम्ही दोघींनी मोठ्यानं मोजलं. आठपर्यंत गेलो. आठला अगदी फिका रंग आला.

"आहे," ती म्हणाली, आणि मग पलंगाच्या पायाशी घसरून बेशुद्ध पडली.

पोलिसांनी विपुलला, त्याच्या तीन सोबत्यांना आणि गजेंद्रला तिथूनच नेलं. गजेंद्रनं जाताना आकांक्षाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मी डॉक्टरांना सगळं पुन्हा सांगितलं, राख कुठली, किती दिवस, कितीदा. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. फाइलमधलं जुनं वाक्य खोडून नवं लिहिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन मागवलं आणि एक औषध बदललं. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

बाळ जगलं. दवाखान्यातल्या नवव्या दिवशी पंप काढला, अकराव्या दिवशी नळी काढली. डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळ्या मनुकांसारखी सुकली आणि एके सकाळी पट्टीत गळून आली. मेंदूला किती वेळ रक्त कमी मिळालं, ते सहा महिन्यांनी, वर्षानं कळेल, असं डॉक्टर म्हणतात. आकांक्षा तिला दूध पाजते, पण बाळाला माझ्याजवळ देत नाही. मी मागतही नाही. दारातून बघते.

परवा मी जिना चढून ज्योत्स्नाकडे गेले. ती पलंगावर, हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, मनगटाच्या हाडात स्टीलची पट्टी घातली आहे. संघपाल रजा घेऊन आला आहे. त्यानं मला बस म्हटलं नाही, ज्योत्स्नानं म्हटलं.

"माय वो ज्योत्स्ना," एवढंच मला बोलता आलं.

"काकू, रडू नका. रडणाऱ्या माणसाशी मले भांडता येत नाई, अन् मले आज भांडाचं आहे." ती उठून बसली. "मी बेंबी पुसली तवाच तुमी सांगतलं असतं, तर डॉक्टरनं पहिल्याच दिवशी औषध दुसरं दिलं असतं. राखेतले जंतू वेगळे राहतात. त्यानं बोटं वाचली असती का? मले माहीत नाई. पण मी रोज इचार करते. तुमीबी करा."

"करते."

"मले मार खायची सवय आहे, असं समजू नका. कोणालेच नसते."

"नाई समजत."

"अन् पाचवीले मले बोलावलं नाई तुमी."

संघपाल खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"मी आली असती तर वाटी फेकून दिली असती," ती म्हणाली. "तुमी मंग मले घरातून काढलं असतं. पण फेकली असती."

ती वाटी मी मारहाण झाली त्याच दिवशी कागदात गुंडाळून पोलिसांना दिली आहे. पूजा माझी चालू आहे. धूप लावते, राख तुळशीच्या मुळाशी टाकते, दुसरीकडे कुठं नाही. देवापुढं बसले की पहिल्यांदा काय केलं ते सांगते, मग नाव घेते.

काल आमचे हे, वामनराव, पोलीस ठाण्यातून आले. कधी फार न बोलणारा माणूस. जेवायला वाढलं तर ताटाला नमस्कार करून तसेच बसून राहिले.

"गजेंद्रचा निरोप आहे," म्हणाले. "त्याच्या वकिलाचंबी तेच म्हणणं आहे. तू जबाबात एवढंच सांग, गर्दीत सिस्टर फरशीवर घसरली अन् हात मोडला. वायरी कोणं ओढल्या ते दिसलं नाई. राखेचं सांग, ते सगळं सांग. बाकीचं नको."

"अन् विपुल?"

"त्याचं त्याचे लोक पाहतीन. आपला पोरगा बाहेर आला पायजे. पोरीले बाप नको काय?"

"मी एकदा म्हटलं होतं, काही लावलं नाई म्हणून," मी म्हणाले. "एका शब्दाचं काय झालं, पाहिलं न तुमी? आता पुन्हा म्हणू?"

"तो तुह्या पोटचा आहे."

"म्हणून तर त्याले वायरी ओढताना मी पाहिलं. दुसऱ्या कोणाचा असता तर कदाचित नसतं पाहिलं."

ते उठले. ताट तसंच राहिलं. रात्रभर आम्ही एकमेकांकडे पाठ करून पडलो होतो, आणि सकाळी मी त्यांचा चहा ठेवला, त्यांनी तो घेतला.

आकांक्षाला मी सांगितलं, काय सांगणार आहे ते. ती बाळाला थोपटत होती. थोपटायची थांबली नाही. "खरं तेच सांगा," म्हणाली. "त्यानं माह्या डोयासमोर तिचं कातडं काढलं." मग हळूच विचारलं, "आई, त्याले किती दिवस ठेवतीन?" मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

साडेदहा वाजले आहेत. पायातला टाका अजून दुखतो, म्हणून ऑटो सांगितला आहे. अकरा वाजता ठाण्यात जबाब द्यायला जायचं आहे.